त्रेचाळीस मिनिटं जातात कुठे?

९ ऑक्टोबर २०२१ रोजी सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचं उद्घाटन झालं आणि अलायन्स एअरचं एटीआर विमान मुंबईहून तिथे जाऊ लागलं. तेव्हाचं वेळापत्रक असं: मुंबईहून ११.३५ला निघायचं, चिपीला एक वाजता पोहोचायचं. म्हणजे ८५ मिनिटं. हवाई अंतर साधारण ३५० किलोमीटर. एटीआर ७२ उंचीवर स्थिरावलं की ताशी पाचशेच्या आसपास जातं. त्रैराशिक मांडलं तर ४२ मिनिटं पुरायला हवीत. उरलेल्या ४३ मिनिटांचा हिशोब या लेखांकात.

तिकिटावरची वेळ ही निव्वळ उडण्याची वेळ नसतेच. चाकांना लावलेले ठोकळे काढून विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं. मुक्कामी पुन्हा ठोकळे लागले की थांबतं. कंपन्या याला ब्लॉक टाइम म्हणतात. टॅक्सीवेवरून रमतगमत जाणं त्यात आलं, धावपट्टीपाशी नंबर लागेपर्यंत ताटकळणंही आलं. मुंबईत तर ताटकळणं ठरलेलंच. धावपट्ट्या दोन, पण एकमेकींना छेदणाऱ्या. त्यामुळे एरवी एका वेळी एकच चालते. आखातात निघालेलं अवाढव्य जेट आणि मालवणच्या चाकरमान्यांचं सत्तर आसनांचं एटीआर, दोघांची रांग एकच.

मग दिशेची अडचण. चिपी दक्षिणेला, तर मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम. बहुतेक दिवस विमानं पश्चिमेकडे, जुहूवरून समुद्रावर झेपावतात. दक्षिणेला जायचं असलं तरी आधी तिकडे, वळण नंतर. चढताना वेग कमी, उतरतानाही कमी, शिवाय धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी वळसा. यावर कंपन्या वेळापत्रकात थोडी सवड धरून ठेवतात, ती वेगळी.

हा सगळा खर्च अंतर वाढलं म्हणून फारसा वाढत नाही. मुंबई-दिल्ली हवाई अंतर अकराशे किलोमीटरच्या पुढे, चिपीच्या तिपटीहून जास्त. पण वेळ सव्वादोन तासांच्या आसपास, म्हणजे दुप्पटही नाही. तिथलं जेट वेगवान असतं हे खरं, पण मोठा फायदा लांब पल्ल्याचाच. मुंबई-पुणे विमानप्रवास म्हणूनच कौतुकापुरता उरतो. कोकणाचं तसं नाही. रखडलेला महामार्ग किंवा रात्रभराची रेल्वे यांच्यापुढे ८५ मिनिटं स्वस्तच म्हणायची.

कंपनीला मात्र ती स्वस्त पडत नाहीत. २०१६ साली आलेल्या ‘उडान’ योजनेत सवलतीच्या आसनांचं कमाल भाडं ठरतं ते किलोमीटरवर. सुरुवातीला सुमारे ५०० किलोमीटरच्या तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपये. पण इंजिन चालू ठेवून रांगेत काढलेली मिनिटंही इंधन खातातच, आणि किलोमीटरच्या तक्त्यात ती कुठेच दिसत नाहीत. छोट्या मार्गांचं गणित बिघडण्यात या मिनिटांचा वाटा जेवढा बोलला जातो त्याहून मोठा असावा.

रांग नसेल तर काय होतं, ते स्कॉटलंडजवळच्या ऑर्कने बेटांवर दिसतं. वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे अंतर अवघं २.७ किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या मुख्य धावपट्टीपेक्षाही कमी. लोगनएअरचं चिमुकलं आयलँडर विमान १९६७ पासून ही फेरी करतं. वेळापत्रकात दोन मिनिटं. विक्रम ५३ सेकंदांचा.

वाऱ्याचा हिशोब मात्र यात धरलेला नाही. तो पुढच्या आठवड्यात.