पाळणा आधी, बाई नंतर

केईएम रुग्णालय, वाडिया प्रसूतिगृह आणि प्रजनन संशोधन संस्था ही तिन्ही मुंबईत परळला, चालत जाण्याच्या अंतरावर. प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचा मागोवा इथून घेतला की एक क्रम दिसतो.

पहिलं काम पाळणा लांबवण्याचं. १९५४ साली मुंबईत गर्भनिरोधकांची चाचणी करणारा विभाग निघाला आणि त्यातूनच १९७० साली ही संशोधन संस्था उभी राहिली. गर्भनिरोधक गोळीतला कळीचा घटक म्हणजे प्रोजेस्टेरॉनचाच कारखान्यात बनलेला भाऊबंद.

दुसरं काम पाळणा हलवण्याचं. ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. पुढे २४ जानेवारी १९९१ रोजी डॉ. हिंदुजांनी दुसऱ्या बाईच्या स्त्रीबीजापासून मूल जन्माला आणलं. बीजकोश अकाली थकलेल्या किंवा पाळी गेलेल्या बायकांसाठी ही वाट होती. अशा गर्भारपणात वार कामाला लागेपर्यंत प्रोजेस्टेरॉन बाहेरूनच पुरवावं लागतं.

तिसरं काम खुद्द बाईचं. पाळी जाताना अंगातून वाफा येतात, रात्री घामाने जाग येते. इस्ट्रोजेन हे दुसरं हार्मोन दिलं की आराम पडतो. पण त्याने गर्भपिशवीचं अस्तर वाढत राहतं. नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांत पिशवीचा कर्करोग वाढल्याचं अमेरिकेत १९७५ साली पुढे आलं, तेव्हा अस्तराला लगाम म्हणून प्रोजेस्टेरॉनची जोड आली. पिशवी काढलेल्या बाईला सहसा ही जोड लागत नाही.

मग २००२ साल उजाडलं. अशा जोड-उपचाराची १६,६०८ अमेरिकी बायकांवरची चाचणी मध्येच थांबवली गेली. एकत्र गोळी घेणाऱ्या दर १०,००० बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे ८ रुग्ण जास्त निघाले होते. जगभर बायकांनी गोळ्या सोडल्या. त्या गोळीत अस्सल प्रोजेस्टेरॉन नव्हतं, कृत्रिम मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन होतं. शिवाय बऱ्याच जणी साठीच्या पुढच्या होत्या. हा तपशील भीतीच्या गलक्यात मागे पडला. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने या औषधांवरचे बरेचसे कडक इशारे काढायचं ठरवलं. पिशवी असताना नुसतं इस्ट्रोजेन घेण्याविरुद्धचा इशारा तेवढा ठेवला.

मूल नको तेव्हा आणि मूल हवं तेव्हा या हार्मोनची आठवण सगळ्यांना झाली. मुलाचा प्रश्न संपलेल्या बाईला मात्र ‘वयच झालं’ एवढंच ऐकावं लागलं. भारतात पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते. त्यापुढेही बरंच आयुष्य उरलेलं असतं.

म्हणून वाफांचा त्रास असह्य असेल तर डॉक्टरांशी मोकळेपणी बोला. पिशवी आहे की काढली, घरात कुणाला स्तनाचा कर्करोग झाला होता का, हे आधी सांगा. मैत्रिणीची गोळी घेऊ नका. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर ‘परत सुरू झाली’ म्हणून घरी बसू नका. त्याच आठवड्यात दवाखाना गाठा.