एकाच टीव्हीवर

सकाळचे 9. वारूळवाडीत माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाचं शटर वर करतो तेव्हा टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेल्या पिकअप नारायणगावच्या मार्केटकडे निघालेल्या असतात. पहिलं काम ब्लोअरचं. काल आलेल्या गेमिंग पीसीची तक्रार अशी, की दहा मिनिटं खेळलं की चित्र अडखळतं. उघडला तर ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यात मातीचा थर. कार्ड तापलं की आपणहून वेग उतरवतं. धूळ काढली, थर्मल पेस्ट बदलली, चित्र पहिल्यासारखं पळू लागलं. नवं कार्ड घ्यायची गरजच नव्हती.

11.30. एक शेतकरी आणि त्यांचा बारावीतला मुलगा. "दादा, ह्याला प्लेस्टेशन पायजे, मी म्हणतो कॉम्प्युटर घे. चित्र कशात चांगलं दिसतं तेवढं सांगा."

मुलाला आकडे पाठ होते: प्लेस्टेशन 5 चे 10.28 टेराफ्लॉप, पीसीतल्या आरटीएक्स 3060 कार्डाचे पावणेतेराच्या आसपास. मी त्याला म्हटलं, ही नुसती सेकंदाला किती गणितं होतात त्याची मोजणी. एएमडीची चिप आणि एनव्हिडियाची चिप या एकाच मापाने तोलता येत नाहीत. प्लेस्टेशनमधली चिप एएमडीच्या आरडीएनए 2 घराण्यातली. त्याच घराण्याची कार्डं पीसीतही बसतात. फरक मेमरीत आहे. कन्सोलमध्ये 16 जीबी प्रोसेसर आणि ग्राफिक्सची सामाईक, पीसीत कार्डाची वेगळी आणि रॅम वेगळी.

मग बोलणं थांबवलं आणि दुकानातल्या टीव्हीला दोन्ही जोडले, गेम एकच. कन्सोलवर दोन पर्याय: बारकावे जास्त आणि सेकंदाला 30 फ्रेम, किंवा बारकावे कमी आणि 60. पीसीवर सावली, गवत, लांबचे डोंगर, एकेक गोष्ट आपल्या हाताने कमी-जास्त करता येते. 4के पडद्यावर 82,94,400 ठिपके. 1080पी च्या चौपट. 4के लावल्यावर 3060 ला धाप लागली, 1080पी वर आणल्यावर मोकळं झालं. पीसीवर नव्या जागेत शिरताना चित्र दोनदा अडकलं. कन्सोल सगळीकडे सारखा, म्हणून शेडर, म्हणजे चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम, आधीच तयार करून देतात; पीसीत प्रत्येकाचं कार्ड निराळं, ते काम बऱ्याचदा घरच्या मशीनवर होतं. वडील इतका वेळ टीव्हीपासून आठ फुटांवर बसले होते. म्हणाले, "मला तर दोन्ही सारखंच दिसतंय." बरोबर होतं त्यांचं. तेवढ्या अंतरावरून सावलीची कड कोण बघतो? मॉनिटरसमोर हातभर अंतरावर बसणाऱ्याला ती दिसते.

2.10. लाइट गेली. यूपीएसवरचा पीसी नीट बंद केला.

4. दुरुस्त झालेला पीसी पोचवायला खोडदला. वाटेत जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या डिश दिसतात, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या. अशा 30 डिशच्या 435 जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीचे सिग्नल सतत ताडून पाहावे लागतात. ते काम तिथे ग्राफिक्स प्रोसेसर करतात. लाखो ठिपक्यांचं छोटं छोटं गणित एकाच वेळी करायचं, म्हणून ही चिप घडली. आभाळातून येणाऱ्या सिग्नलचं गणितही त्याच जातीचं. पोरं ज्या कार्डासाठी हट्ट धरतात त्याचं भावंड आपल्याच तालुक्यात दीर्घिका शोधायला राबतंय, याचा मला फार अभिमान वाटतो.

6. बापलेक परत आले. मी खरं ते सांगितलं: तेवढ्याच पैशात नुसतं चित्र बघाल तर कन्सोल सरस. पण याला पुढे इंजिनिअरिंगला जायचंय, आणि पीसीतलं कार्ड चार वर्षांनी बदलता येतं. चिठ्ठी लिहिली: 12 जीबीचं 3060, 550 वॅटचा चांगला एसएमपीएस, यूपीएस. मॉनिटर पुढच्या तोड्याला. तोवर घरचा टीव्ही, 1080पी वर.

"यूपीएस काढला तर किती वाचतील?" वडिलांनी विचारलं. मी तो काढू दिला नाही. अंधार पडायच्या आत त्यांना निघायचं होतं. त्यांच्या वाटेला दोन्ही बाजूंनी ऊस आहे, आणि बिबट्या परवाच दिसला होता.