दिवसाचे साडेसत्तावन्न

पहाटे 5
सोलापूरच्या पूर्व भागातल्या दोन खोल्या. अक्का उठतात ते आधी गोणपाट उघडतात. रात्री भिजवलेली टेंभुर्णीची पानं हाताला गार लागायला हवीत. सुकली की विडी वळताना फाटतात. पत्र्याचा फर्मा ठेवून कात्री सुरू होते. शेजारच्या घरांतूनही तोच आवाज. या गल्लीत बोलणं तेलुगूत, सरकारी कागद मराठीत.

सकाळी 8
विड्या घरी वळायच्या आणि कारखान्यावर मोजून द्यायच्या. छाट, म्हणजे नाकारलेल्या विड्या, बाजूला पडते; उरलेल्या कार्डावर चढतात. कार्ड अक्कांचं नाही, जावेचं आहे. 1966च्या कायद्यानं घरी विड्या वळणारीलाही कामगार मानलं, पण फंड-पेन्शन मिळते ती कागदावर नाव असलेलीला. अक्कांचे दिवस जावेच्या खात्यात जमा होतात, पैसे तेवढे हातात येतात.

"आज सहाशेचीच पानं घ्या, मावशी," कारखान्यावर सांगितलं. "माल उठत नाही."

हजाराचा दिवस सहाशेचा झाला. याची नोंद कुठेच होणार नाही.

सकाळी 11
सेतू केंद्र. बाहेर ऊन चाळिशीपार, आत एकच पंखा. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला 1500 रुपये अक्कांना विधवा म्हणून मिळतात. त्यासाठी हयातीचा आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 21,000. मी अक्कांसोबत आले होते; मागे उभी राहून भागाकार केला: दिवसाला साडेसत्तावन्न रुपये. मदत वर्षाची 18,000 आणि ती घेण्यासाठी घरात याहून फार जास्त येता कामा नये!

"काम काय करता?"

"विडी."

"रोजच्या किती?"

"पानं मिळतील तेवढ्या."

केंद्रातल्या मुलाचा हात कीबोर्डवर थांबला. रकाना एकच, आकडाही एकच हवा.

"घरात अजून कोण कमावतं?"

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. धाकटा मुलगा कॉलेजात आहे. हल्ली टॉवेलच्या कारखान्यात संध्याकाळी चार तास शिलाई मारतो. काम आलं तर आठ, नसलं तर घरी. हे उत्पन्न की खर्चापुरता हातभार? कागदाच्या लेखी उत्पन्नच, आणि स्वयंघोषणापत्रावर अंगठा अक्कांचा.

इंग्लंडमध्ये युनिव्हर्सल क्रेडिट नावाची मदत आहे. कामाचे तास वाढले की मालकानं कर खात्याला कळवलेला पगार तिथल्या हिशेबात येतो आणि पौंडामागे 55 पेन्स मदत कमी होते. कटकटीचं आहे, पण तो उतार आहे. इथे कडा आहे. 21,000ला सगळं, त्याच्या एक रुपया वर काहीच नाही. मग कोण खरं सांगेल? अक्का लबाड आहेत असं मला वाटत नाही. अर्जातला तो चौकोनच त्यांना लबाड करतो.

"मागच्या वर्षीचं सांगा, चालू वर्षाचं नको," मुलगा हळूच म्हणाला. मागच्या वर्षी धाकटा कामाला नव्हता. अक्कांचा खांदा खाली आला.

दुपारी 2
भात, आमटी. तलाठ्याकडे उद्या जायचं ठरलं.

दुपारी 3 ते संध्याकाळी 7
मांडीवर सूप, सुपात तंबाखू. पान, चिमूट, गुंडाळी, दोरा. बोलतानाही मोजणी चुकत नाही. पंचविसाचा कट्टा झाला की तो बाजूला सरकतो. सेतूत गेलेले तीन तास भरून काढायचे म्हणून चहा जागेवरच. मी एक विडी वळून पाहिली. अक्कांनी न बोलता उकलून पुन्हा वळली.

रात्री 10
धाकटा आला. चप्पल काढता काढता म्हणाला, "अम्मा, उद्यापासून आठ तासांचं पक्कं केलंय. हजेरीवर नाव घातलंय."

अक्का पानं भिजवत होत्या. हात पाण्यातच राहिला.

"हजेरीवर कशाला घातलं रे?"

तो हसला. त्यांनी पानं गोणपाटात गुंडाळली, वर पाणी शिंपडलं आणि दिवा मालवायच्या आधी सकाळच्या पिशवीतला दाखल्याचा अर्ज काढून पुन्हा एकदा माझ्या हातात दिला. "ताई, तारीख कालची टाकता येते का विचारा."