मागणीची वही

पोथी मागितली की काका आधी ती उघडून बघतात. पहिलं पान, शेवटचं पान, मग मधोमध उघडून शिवण. शिवण ढिली वाटली तर प्रत बाजूला. "पारायनाची पोथी हाय भाऊ. पानं सुटली तर मानसाचं मन उडते," हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. शेगाव इथून रेल्वेने जवळच, मधे जलंब. त्यामुळे दासगणू महाराजांचा 'श्रीगजानन विजय' या दुकानात बारा महिने चालतो. बाकी सगळा धंदा जूनचा: वह्या, गाईडं, कंपासपेट्या, आणि अलीकडे तलाठी नि पोलीस भरतीची जाडजूड पुस्तकं. कथा-कादंबऱ्यांना एकच फळी. तीही वरची, स्टूल लावल्याशिवाय हात पोचत नाही अशी.

हायवेवर १०५ फुटी हनुमान दिसला की बाहेरच्यांचं नांदुरा तिथेच संपतं. दुकान त्याच्या आत, बाजारात आहे. "माह्यं नाव छापू नका, दुकानाचंही नका," असं काकांनी बजावलं, म्हणून छापत नाही.

संपादकांनी मला वेगळंच काम दिलं होतं. पुस्तकाच्या दुकानात लेखक येतो, आपलं लिखाण वाचतो, वाचकांशी बोलतो, त्या प्रकारावर लिहा, असं. त्यांच्या डोळ्यांसमोर पुणं-मुंबई होतं. पण मी नांदुऱ्याचा. शाळेत असताना पहिलं अवांतर पुस्तक मी याच गल्ल्यावर विकत घेतलं, म्हणून सुरुवात इथून केली. आणि काकांनी गल्ल्याखालून जी वही काढून दाखवली, तिच्यापाशीच अडकलो.

ती मागणीची वही. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, खतावणीसारखी. दुकानात नसलेलं पुस्तक कुणी मागितलं की ते तिच्यात चढतं: तारीख, पुस्तक, गिऱ्हाइकाचं नाव, गाव, किती पैसे आगाऊ दिले. पुस्तक आलं की त्या ओळीवर आडवी रेघ. मी तासभर पानं उलटत बसलो. 'मृत्युंजय' जवळपास दर चार पानांमागे. 'बारोमास' तर कितीदा, हे मोजायचं सोडून दिलं. सदानंद देशमुखांच्या या कादंबरीला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लेखक आमच्याच बुलढाणा जिल्ह्यातले, अमडापूरचे. एका ओळीत नुसतं 'कापसावरचं पुस्तक, लेखकाचं नाव विसरले' असं लिहिलंय, पुढे एका बाईंचं नाव आणि पन्नास रुपये आगाऊ. त्या ओळीवर रेघ आहे. काकांनी ते पुस्तक शोधून आणून दिलं होतं.

वाचक कोण, कुठला, त्याला काय हवं आणि त्यासाठी तो किती दिवस थांबायला तयार आहे, एवढं सगळं ज्या माणसाला ठाऊक आहे तोच लेखकाला बोलवायला लायक, असं माझं मत या वहीमुळे झालं. ते तपासून बघायला मी गिरगावात गेलो.

गिरगावातलं मॅजेस्टिक थिएटर मराठी माणसाला दोन कारणांनी माहीत असायला हवं. १४ मार्च १९३१ ला 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, तिथे लागला. आणि १९४२ साली कोठावळे मंडळींनी त्याच थिएटरच्या आधाराने पुस्तकांचा स्टॉल मांडला. नावही थिएटरचंच घेतलं. पुढे थिएटर पाडलं, पण नाव पुस्तकांकडे राहिलं. मुंबईतल्या इंग्रजी पुस्तकांच्या नामांकित दुकानाची, स्ट्रँड बुक स्टॉलची, कथाही अशीच: १९४८ मध्ये टी. एन. शानभागांनी कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमापाशी तो सुरू केला. खेळाला आलेली गर्दी पुस्तकांकडे वळवायची, ही युक्ती दोघांनाही सुचली.

मॅजेस्टिकच्या अधिकृत इतिहासात इतर बरंच आहे. मला थांबावंसं वाटलं ते केशवराव कोठावळ्यांपाशी. खटाववाडीत मौजेचा छापखाना, तिथे 'सत्यकथा'चं संपादन, लॅमिंग्टन रोडच्या बाजूला भटकळांचं पॉप्युलर. मुद्रितं तपासायला आलेला लेखक पायीपायी मॅजेस्टिकवर पोचू शके, आणि तिथे त्याची गाठ आपलं पुस्तक हाताळणाऱ्या गिऱ्हाइकाशी पडे. लेखक आणि वाचक यांची भेट म्हणतात ती मुळात अशी, उभ्या उभ्या, गल्ल्याच्या दोन बाजूंना. केशवरावांनी ही भेट ओळखली आणि तिला दोन पाय फुटू दिले.

पहिला पाय म्हणजे 'ललित'. जानेवारी १९६४ मध्ये हे मासिक निघालं. गल्ल्यावर जे बोललं जातं तेच छापायचं, असा त्याचा बाज: कुणाचं काय येतंय, कोण काय लिहितंय, कुठलं पुस्तक कुणी उचललं. त्यात जयवंत दळवी 'ठणठणपाळ' या नावाने 'घटका गेली, पळे गेली' हे सदर लिहीत. वसंत सरवट्यांनी काढलेला हातोडेवाला ठणठणपाळ तर लेखकांपेक्षा जास्त ओळखीचा झाला. माझे वडील मास्तर. त्यांच्या शाळेत 'ललित' टपालाने यायचं आणि सुट्टीत घरी. मुंबई इथून पाचशे किलोमीटरच्या वर. ज्या लेखकांना आम्ही जन्मात बघणार नव्हतो त्यांच्या लकबी, त्यांची भांडणं, त्यांचे रुसवेफुगवे आम्हाला घरच्या पाहुण्यांसारखे माहीत होते. ठणठणपाळाने लेखकांची टर उडवली, असं म्हणतात. नांदुऱ्यातून बघताना त्याने लेखकाला माणूस करून आमच्या ओट्यावर आणून बसवलं, असं मला वाटतं, आणि त्याबद्दल दळवींचे उपकार मी विसरू शकत नाही.

दुसरा पाय म्हणजे मॅजेस्टिक गप्पा. पार्ल्यात आणि पुण्यात रंगलेला हा उपक्रम. नावातच त्याचं शहाणपण आहे. आपल्याकडे व्याख्यानांची परंपरा जुनी. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ ची आहे. १८७८ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादींनी ग्रंथकारांची सभा पुण्यात भरवली, तिच्यातूनच पुढे साहित्य संमेलन उभं राहिलं. पण व्याख्यानात वक्ता वर आणि श्रोता खाली. गप्पांत समोर एक विचारणारा असतो आणि लेखकाला उत्तर द्यावं लागतं. चांगला मुलाखतकार तोच प्रश्न विचारतो जो तिसऱ्या रांगेतल्या बाईच्या ओठांवर आलेला असतो. बाजूला पुस्तकं मांडलेली असतात. कानावर पडलेलं पुस्तक लगेच हातात घेता येतं. विक्रेत्याने घडवलेल्या कार्यक्रमाला एवढा एक अंगचा फायदा आहे, तो सभागृहाला नाही.

केशवराव १९८३ मध्ये गेले. पुढच्या पिढीने मासिक आणि प्रकाशन दोन्ही चालू ठेवलं. स्ट्रँड मात्र फेब्रुवारी २०१८ मध्ये बंद झालं, सत्तर वर्षांनी.

आमच्याकडे श्रोते नाहीत, असं कुणी म्हणालं तर मी भांडेन. एका आसनावर बसून 'गजानन विजय'चे एकवीस अध्याय वाचणारी आणि ऐकणारी माणसं या पट्ट्यात घरोघर आहेत. शंकर पाटील, द. मा. मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर यांनी कथाकथनासाठी महाराष्ट्र पालथा घातला तेव्हा लहान गावांनीही त्यांना डोक्यावर घेतलं. विंदा, पाडगावकर, बापट यांच्या काव्यवाचनाचंही तेच. लेखकही आम्हाला परके नाहीत. 'शीळ' लिहिणारे ना. घ. देशपांडे मेहकरला वकिली करत आयुष्यभर राहिले. आणि ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. त्यांची 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ मध्ये पुण्यात छापली गेली, पुढे विसरली गेली आणि १९७५ मध्ये स. गं. मालशांनी ती पुन्हा उजेडात आणली. नव्वद वर्षांहून जास्त काळ ते पुस्तक अंधारात होतं. बुलढाण्यात तेव्हा एखाद्या दुकानाच्या ओट्यावर ताराबाईंना चार बायकांसमोर आपलं पान वाचता आलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मला सुचल्यापासून सोडत नाही.

ऐकणारे आहेत, लिहिणारे आहेत. मग गेल्या पावसाळ्यात मी काकांना म्हटलं, आपण एक करून बघू.

"लोक येतीन काय?" काकांनी विचारलं. मग स्वतःच वही उघडून कवितेची पुस्तकं मागितलेल्यांची नावं काढली आणि एकेकाला फोन लावला. शेजारच्या तालुक्यातल्या एका तरुण कवयित्रीला बोलावलं. दुकान दहा बाय बाराचं, म्हणून एका मित्राच्या घरची वरची खोली घेतली. तिच्या संग्रहाच्या चाळीस प्रती पार्सलने मागवल्या.

पार्सल आलं नाही. संध्याकाळपर्यंत मी तीनदा जाऊन आलो. 'गाडीत आहे' एवढंच उत्तर. सव्वासहाला कवयित्रीने पर्समधून स्वतःची प्रत काढली, कोपरे दुमडलेली, आणि वाचायला सुरुवात केली. तेवीस माणसं होती. चौथ्या कवितेला वीज गेली. कुणीतरी मोबाईलचा उजेड तिच्या पानावर धरला आणि ती वाचत राहिली. आईच्या हातावरच्या कापूस वेचताना झालेल्या ओरखड्यांची एक कविता होती, ती संपल्यावर कुणी टाळी वाजवली नाही. मागच्या भिंतीला टेकलेल्या एक आजी म्हणाल्या, "पुन्हा म्हन व माय." तिने ती पुन्हा वाचली.

वाचन संपलं, पुस्तकं तर नव्हतीच. मी शरमेने मेल्यासारखा उभा होतो. काकांनी मागणीची वही काढली. सतरा नावं चढली. मग त्यांनी एका कोऱ्या वहीचं पान हाताच्या पट्टीने फाडून सतरा चिठ्ठ्या केल्या आणि कवयित्रीसमोर ठेवल्या: "ताई, या नावानं सह्या करून द्या. पुस्तक आलं की आतल्या पानावर डकवतो." तिने प्रत्येक चिठ्ठीवर नाव लिहून सही केली, आजींच्या चिठ्ठीवर एक ओळ जास्त. शेवटची बस गाठायची म्हणून ती पावसातच निघाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पार्सल आलं.

आता हिशेब. संग्रह दोनशे रुपयांचा. प्रकाशकाने तीस टक्के सूट दिली, म्हणजे एका प्रतीमागे दुकानाला साठ रुपये. पुस्तकं आल्यावर सतरापैकी अकरा जण येऊन घेऊन गेले: सहाशे साठ. खुर्च्यांचं भाडं, चहा आणि कवयित्रीचं जाण्यायेण्याचं भाडं मिळून त्याहून जास्त झालं, पार्सलचा खर्च वेगळाच. मागणीपेक्षा जास्तीच्या प्रती प्रकाशकाने परत घेतल्या हे नशीब. कवितेचा परतीचा माल सगळे घेत नाहीत. आणि गिऱ्हाइकाच्या खिशात मोबाईल असतो. त्यावर तेच पुस्तक सवलतीत दिसतं. काका साठातले वीस सोडून देतात, कारण माणूस तुटू नये.

टपालाचं दुखणं वेगळं. गावाकडच्या विक्रेत्यांना आणि छोट्या प्रकाशकांना नोंदणीकृत बुक पोस्ट हा स्वस्त आधार होता. तो डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाला. १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' आलंय, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. मधले महिने एकेका पुस्तकाच्या पार्सलला जो दर पडला त्याने काकांच्या वहीतल्या किती ओळी रेघेविना राहिल्या, त्या त्यांनी मला बोट ठेवून दाखवल्या. दोनशेच्या पुस्तकाला मागवायचा खर्च एवढा पडला तर 'राहू द्या' म्हणणाऱ्याला दोष कसा द्यायचा?

रस्ता दिसत नाही असं नाही. १९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचं जाळं उभं राहिलं. आज मान्यताप्राप्त ग्रंथालयं हजारोंनी आहेत. ग्रंथालयाकडे खोली असते, खुर्च्या असतात, पंखा असतो. दुकानदाराकडे पुस्तकं असतात आणि कुणाला फोन लावायचा ते ठाऊक असतं. विदर्भ साहित्य संघ १९२३ पासून या प्रदेशात काम करतोय, त्याच्याकडे लेखक आहेत. या तिघांनी तालुक्याच्या गावी वर्षातून चारदा एकत्र बसायला मोठा पैसा लागत नाही. भाड्याचा आणि चहाचा खर्च दुकानाच्या साठ रुपयांवर पडू नये, एवढीच अट. मी हे दोन-तीन ठिकाणी बोलून बघितलं. सगळ्यांना पटलं, तारीख कुणी दिली नाही. मी पुन्हा जाणार आहे.

काकांचं वय सत्तरीच्या पुढे. मुलगा पुण्यात नोकरीला. दुकानाची जागा मोबाईलच्या दुकानाला हवी आहे, भाडं दुप्पट देतो म्हणतात. काका त्यावर बोलत नाहीत, पोथ्यांवरची धूळ झटकतात.

निघताना मी वही पुन्हा मागितली. पावसाळ्याच्या त्या पानावर अकरा रेघा आहेत, सहा नावं तशीच. पानाच्या घडीत सहा चिठ्ठ्या टाचणीने लावून ठेवल्या आहेत, त्यात आजींचीही. शाई थोडी पसरली आहे. सहा प्रती फळीवर नाहीत. काकांनी त्या गल्ल्याच्या आत, पोथ्यांशेजारी ठेवल्या आहेत.

"अजून ठेवल्या?" मी विचारलं.

"आजी लेकीकडं गेल्या हायेत, मलकापूरले," काका म्हणाले. "बाकीचे बाजाराच्या दिवशी येतीन."