रिकाम्या गादीचे वारस

हिंदुस्थानी संगीतात बंदिश गायकाच्या मृत्यूने पोरकी होत नाही. ती शिष्याच्या गळ्यात उतरते, तेथे तिला निराळा विस्तार लाभतो, आणि गुरूसारखे हुबेहूब न गाणे हाच पुष्कळदा शिष्याच्या मोठेपणाचा पुरावा मानला जातो. पाश्चात्त्य रॉक संगीताची प्रकृती मुळातच वेगळी आहे. तेथे शब्द, चाल, वाद्यांचा गदारोळ आणि गायकाचा कंठ ही सारी ध्वनिमुद्रणाच्या क्षणी एकजीव होतात, लक्षावधी श्रोते तेच गीत त्याच कंठातून, त्याच श्वासोच्छ्वासांनिशी वर्षानुवर्षे ऐकत राहतात, आणि म्हणून तो कंठ निमाला की गीतही निमाले अशी त्यांची अगदी प्रामाणिक भावना होते. अशा वेळी मागे राहिलेल्या वादकांपुढे जो प्रश्न उभा राहतो तो केवळ जागा भरण्याचा नसून वारसाहक्काचा असतो: गादीवर बसणारा जुन्या दौलतीचा नुसता मुखत्यार असावा, की नवा मुलूख जोडण्याचा अखत्यारही त्यास असावा? ज्यांनी या प्रश्नाचा निकाल आरंभीच मोकळ्या मनाने लावला ते तरले, आणि ज्यांनी तो संदिग्ध ठेवला त्यांची परवड झाली, असे मला या सर्व इतिहासाकडे पाहताना वाटते.

एसी/डीसी या ऑस्ट्रेलियन बँडचे उदाहरण या बाबतीत अग्रगण्य आहे. ग्लासगोहून सिडनीला येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबातील माल्कम आणि अँगस यंग या बंधूंनी १९७३ साली त्याची स्थापना केली. पुढल्याच वर्षी त्यांना लाभलेला बॉन स्कॉट हाही जन्माने स्कॉटिशच. त्याच्या गाण्यात मिस्किलपणा होता, रस्त्यावरच्या अनुभवाचा खरखरीत पोत होता, आणि प्रत्येक गीत जणू पिठ्यातल्या मित्रास सांगितलेली हकीकत असावी अशी जवळीक होती. १९७९ सालच्या ‘हायवे टू हेल’ या अल्बमने अमेरिकेचे दार उघडले न उघडले तोच, १९ फेब्रुवारी १९८० रोजी, लंडनमध्ये अतिमद्यपानाने एका परिचिताच्या मोटारीत वयाच्या ३३व्या वर्षी त्याचा अंत झाला. यशाच्या उंबरठ्यावर आलेला हा आघात इतका दारुण होता की बँड मोडून टाकावा हा विचार त्या बंधूंच्या मनात येणे स्वाभाविकच होते.

त्यांनी निवडलेला ब्रायन जॉन्सन हा ईशान्य इंग्लंडमधील न्यूकॅसल परिसरातला. जॉर्डी नावाच्या बँडमध्ये थोडी कीर्ती मिळवून, ती ओसरल्यावर मोटारींच्या छपरांना व्हिनाइलचे आच्छादन बसविण्याच्या धंद्यात पडलेला. स्वतः स्कॉटनेच पूर्वी केव्हातरी त्याचे गाणे ऐकून सहकाऱ्यांपाशी त्याची वाखाणणी केली होती, असे अँगसने पुढे सांगितले आहे. दिवंगत धन्याच्या मुखातून आलेली इतकी बळकट सनद फार थोड्या वारसांच्या वाट्यास येते. परंतु माझ्या मते खरा निर्णायक भाग त्यापुढचा आहे. यंग बंधूंनी जॉन्सनला प्रथम जुनी गीते घेऊन गावोगाव फिरविले नाही. निर्माता रॉबर्ट जॉन लँग याच्यासह ते त्याला बहामा बेटांतील नॅसॉ येथे घेऊन गेले आणि तेथे त्याच्याकडून नवी गीते लिहवून घेतली. ‘बॅक इन ब्लॅक’ हा अल्बम २५ जुलै १९८० रोजी प्रकाशित झाला, म्हणजे स्कॉटच्या मृत्यूला पुरते सहा महिनेही उलटले नव्हते. त्यावरील दहाही गीतांना यंग बंधूंच्या जोडीला जॉन्सनचे नाव आहे. मुखपृष्ठ संपूर्ण काळे, सुतकाचे. आरंभीच घंटेचे संथ, जड टोले. आणि त्यानंतर उसळणारा तो कर्कश, छातीच्या तळातून ओढून काढल्यासारखा स्वर, ज्यात स्कॉटच्या मिस्किलपणाची नक्कल करण्याचा लवलेशही प्रयत्न नाही. एकट्या अमेरिकेत त्याच्या अडीच कोटी प्रतींची अधिकृत नोंद २०१९ साली झाली. पण या खपाहून मला महत्त्वाचे वाटते ते हे की, स्वतःचा मुलूख जिंकल्यावर जॉन्सन जेव्हा स्कॉटची गीते गाऊ लागला तेव्हा त्यास कोणी तोतया म्हणू शकले नाही.

इतरांची कहाणी याहून विषम आहे. जिम मॉरिसन १९७१ साली पॅरिसमध्ये वारल्यानंतर द डोअर्सच्या उरलेल्या तिघांनी बाहेरचा गायक न आणता आपणच गाऊन दोन अल्बम काढले आणि १९७३ साली ते विसर्जित झाले. मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजनने इयान कर्टिसच्या मृत्यूनंतर, १९८० साली, नावाचाच त्याग केला आणि न्यू ऑर्डर या नव्या नावाने निराळ्याच संगीताचा संसार थाटला. मृताच्या मिळकतीवरील हक्क इतक्या निखालसपणे सोडून देण्यात जो स्वाभिमान आहे त्याबद्दल मला नितांत आदर वाटतो. लिनर्ड स्किनर्डने, १९७७ च्या विमान अपघातात रॉनी व्हॅन झँट दगावल्यावर, दहा वर्षांनी त्याच्या धाकट्या भावालाच, जॉनीला, पुढे आणले. आयएनएक्सएसने मात्र मायकेल हचेन्सच्या पश्चात आपला गायक २००५ साली दूरचित्रवाणीवरील स्पर्धेतून निवडला. नवा अल्बमही निघाला. परंतु निवडलेला तरुण वारस होता की दौऱ्यापुरता नेमलेला कारकून, हे बँडने कधी स्वच्छ ठरविलेच नाही, आणि ती सोयरीक टिकली नाही.

क्वीनची गोष्ट आपल्या अंतःकरणाला विशेष जवळची, कारण फ्रेडी मर्क्युरी हा झांझिबारमध्ये पारशी कुटुंबात जन्मलेला फारुख बलसारा, आणि त्याचे बालपणाचे शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले. तेथेच तो पियानो शिकला, तेथेच शाळूसोबत्यांबरोबर द हेक्टिक्स या पहिल्या बँडमध्ये वाजवू लागला. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी लंडनमध्ये त्याने देह ठेवला. बास गिटारवादक जॉन डीकन पुढे निवृत्त झाला. ब्रायन मे आणि रॉजर टेलर हे दोघेच उरले. त्यांनी २००४ साली पॉल रॉजर्स या अनुभवी गायकाशी हात मिळवला, २००८ साली त्याच्यासह ‘द कॉसमॉस रॉक्स’ हा नवा अल्बमही काढला, परंतु रॉजर्सची मातीतली, ब्लूजची गायकी आणि क्वीनचे नाटकी वैभव यांचा सांधा जुळला नाही. त्यानंतर आलेला अॅडम लँबर्ट हा पल्लेदार, रंगमंचावर रमणारा आवाज. २०१२ पासून तो त्यांच्याबरोबर जगभर गात आहे, आणि तरीही त्याच्यासह एकही नव्या गीतांचा अल्बम निघालेला नाही. नावही ‘क्वीन’ नव्हे, तर मध्ये अधिकचे चिन्ह घालून ‘क्वीन + अॅडम लँबर्ट’ असे. या एका चिन्हात मला संपूर्ण तहनामा दिसतो: गादी रिकामीच राहील, तू तिचा कारभार पाहा. लँबर्टही मर्क्युरीची जागा घेण्याचा दावा करीत नाही. मैफलीत एका क्षणी तो बाजूला होतो, मे एकटा गिटार घेऊन बसतो आणि पडद्यावर मर्क्युरीची प्रतिमा त्याच्या साथीला येते. नवनिर्मिती नाही याची खंत मला आहे, परंतु या व्यवस्थेत लबाडी नाही हेही मी तितक्याच आग्रहाने सांगेन.

अलीकडे लिंकिन पार्कने पुन्हा पहिला, अधिक कठीण मार्ग धरला. चेस्टर बेनिंग्टनने २०१७ साली आत्मघात केल्यावर सात वर्षे बँडने कोणताही नवा गायक आणला नाही. ५ सप्टेंबर २०२४ रोजी एमिली आर्मस्ट्राँग ही गायिका त्यांनी जगापुढे आणली, आणि स्त्रीचा कंठ निवडून सादृश्याचा हट्ट त्यांनी मुळातच निकालात काढला. त्याच दिवशी तिच्या आवाजातील नवे गीत प्रसिद्ध झाले, नोव्हेंबरात ‘फ्रॉम झिरो’ हा अल्बम आला, आणि बेनिंग्टनच्या काळातील गीतेही ती मंचावर गाऊ लागली. काही जुन्या चाहत्यांना हे अद्याप मान्य नाही, आणि त्यांच्या दुःखाचा मान राखलाच पाहिजे. परंतु तिला नेमताना तिच्या हाती जुन्या गीतांच्या चोपडीबरोबर एक कोरी वहीही देण्यात आली, ही गोष्ट मला फार आशादायक वाटते.