निवडसूची, परावलंबी

निवडसूची, परावलंबी : डेटाबेसमध्ये माहिती भरण्यासाठी संगणकाच्या पडद्यावर जो फॉर्म असतो, त्यातील एका सूचीत केलेल्या निवडीवरून जिच्यातील पर्याय ठरतात, अशा दुसऱ्या सूचीस परावलंबी निवडसूची म्हणतात. रकान्यालगतचा बाण दाबताच उलगडणाऱ्या सूचीस व्यवहारात ‘ड्रॉप-डाउन लिस्ट’ हे नाव रूढ आहे. पहिल्या सूचीत रत्नागिरी हा जिल्हा निवडल्यावर दुसऱ्या सूचीत मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, रत्नागिरी, संगमेश्वर, लांजा व राजापूर हे नऊच तालुके दिसणे, हे तिचे परिचित उदाहरण होय. तालुक्यावरून गावांची तिसरी सूची ठरविली, म्हणजे सूचींची साखळी तयार होते.

प्रयोजन : महाराष्ट्रात ३६ जिल्हे, साडेतीनशेहून अधिक तालुके आणि चाळीस हजारांहून अधिक गावे आहेत. एवढ्या नावांची एकच सूची वापरणे अव्यवहार्य ठरते. तथापि सूची आखूड करणे हा गौण लाभ होय. परस्परविसंगत नोंद टाळणे हा मुख्य हेतू असतो. खेड हा तालुका पुणे व रत्नागिरी ह्या दोन्ही जिल्ह्यांत आहे. त्याचप्रमाणे कर्जत रायगड व अहिल्यानगर जिल्ह्यांत, मालेगाव नाशिक व वाशिम जिल्ह्यांत आणि कळंब यवतमाळ व धाराशिव जिल्ह्यांत आहे. नुसत्या नावावरून केलेली नोंद चुकीच्या तालुक्याकडे जाऊन अर्जदाराचा अर्ज भलत्याच कार्यालयात पोहोचू शकतो.

कोष्टकांची रचना : एडगर एफ. कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानानुसार प्रत्येक प्रकारच्या घटकांसाठी स्वतंत्र कोष्टक ठेवतात. जिल्ह्यांच्या कोष्टकात संकेतांक व नाव हे दोन स्तंभ असतात. तालुक्यांच्या कोष्टकात तालुक्याचा संकेतांक, नाव आणि तो ज्या जिल्ह्यात मोडतो त्याचा संकेतांक असतो. गावांच्या कोष्टकात याच रीतीने तालुक्याचा संकेतांक येतो. हा वरच्या पातळीचा संकेतांक म्हणजेच दोन सूचींना जोडणारा दुवा होय.

मुख्य नोंदीत नाव न साठविता संकेतांक साठविणे इष्ट असते. औरंगाबाद व उस्मानाबाद ह्या जिल्ह्यांची नावे २०२३ मध्ये अनुक्रमे छत्रपती संभाजीनगर व धाराशिव अशी झाली, तर अहमदनगर जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. संकेतांक वापरलेला असल्यास अशा वेळी जिल्ह्यांच्या कोष्टकातील एकच ओळ बदलावी लागते. जुन्या नोंदींना हात लावावा लागत नाही.

कार्यपद्धती : मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस ह्या १९९२ मध्ये प्रथम विक्रीस आलेल्या प्रणालीत ही रचना पुढील क्रमाने करतात. प्रथम जिल्ह्यांची सूची जिल्ह्यांच्या कोष्टकाशी जोडतात. सूचीत संकेतांक व नाव असे दोन स्तंभ घेऊन संकेतांकाच्या स्तंभाची रुंदी शून्य ठेवतात; त्यामुळे वापरणाऱ्यास नाव दिसते, पण साठविला जातो तो संकेतांक. नंतर तालुक्यांच्या सूचीचा स्रोत म्हणून एक पृच्छा लिहितात. जिच्यातील जिल्ह्याचा संकेतांक फॉर्मवरील निवडीइतकाच आहे, अशाच ओळी ती निवडते. जिल्हा निवडलेला नसताना ही अट कोणत्याच ओळीस लागू पडत नाही व सूची रिकामी राहते.

पृच्छा केवळ लिहून भागत नाही. निवड बदलताच ती पुन्हा चालवावी लागते. त्यासाठी जिल्ह्याच्या सूचीतील बदलानंतर घडणाऱ्या घटनेला दोन आज्ञा जोडतात : तालुक्याची आधीची निवड पुसणे आणि तालुक्यांची सूची नव्याने भरणे. पहिली आज्ञा विसरल्यास जिल्हा पुणे व तालुका चिपळूण अशी अशक्य जोडी फॉर्मवर उरते. साखळी तीन पातळ्यांची असल्यास जिल्हा बदलताना गावाची निवडही पुसावी लागते. जुन्या नोंदीवरून दुसऱ्या नोंदीवर जाताना निवड बदलण्याची घटना घडत नाही; म्हणून नोंद पडद्यावर येण्याच्या घटनेलाही सूची भरण्याची आज्ञा जोडतात.

मर्यादा व दक्षता : अनेक नोंदी एकाखाली एक दाखविणाऱ्या फॉर्ममध्ये सर्व ओळींसाठी सूचीचा स्रोत एकच असतो. चालू ओळीच्या जिल्ह्यानुसार सूची गाळली जाताच इतर जिल्ह्यांच्या ओळींतील तालुके कोरे दिसतात. माहिती नष्ट झालेली नसते. तिचे नाव त्या सूचीत सापडत नाही, एवढेच. अशा ठिकाणी सूचीवर नाव दाखविणारा साधा रकाना बसवून अडचण टाळतात.

फॉर्मवरील नियंत्रण डेटाबेसच्या संरक्षणास पुरेसे नसते. बाहेरील धारिकेतून एकगठ्ठा आणलेल्या नोंदी फॉर्ममधून जात नाहीत. म्हणून नोंदीत जिल्हा व तालुका दोन्ही साठवायचे असतील, तर त्या जोडीस तालुक्यांच्या कोष्टकाशी संदर्भाचे बंधन घालावे लागते. केवळ तालुका साठवून त्यावरून जिल्हा काढणे हा अधिक सोपा मार्ग होय. मात्र ठाणे जिल्ह्यातून १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा डहाणू, जव्हार, वसई इ. तालुक्यांचा जिल्हा बदलला. तत्पूर्वीच्या नोंदी त्या काळच्या जिल्ह्यासह दाखवावयाच्या असल्यास तालुका व जिल्हा यांच्या संबंधास आरंभ व समाप्तीचा दिनांक जोडावा लागतो आणि सूची भरणारी पृच्छा नोंदीच्या दिनांकाशीही ताडून पाहावी लागते.