मुंबईचे चार दिवस

भाऊबीज झाल्यावर चार दिवस मुंबई बघून येऊ, असं आम्ही अब्बांना सांगितलं तेव्हा पूर्ण खरं सांगितलं नव्हतं. आमची थोरली बारावीला आहे. तिला इंजिनिअरिंग करायचंय आणि भायखळ्याच्या साबू सिद्दीक कॉलेजात जायचंय. अब्बांचा साफ नकार. "मालवणची पोर त्या गर्दीत सोडायची नाही," एवढंच ते म्हणत. म्हणून ही सहल काढली. बघतील तरी, इन्शाअल्लाह मन वळेल.

अब्बा मुंबईला नवखे नाहीत. तरुणपणी सहा वर्षं ते डोंगरीत, गावच्या जमातीच्या खोलीत राहिले आणि गोदीत राबले. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली 1998 साली. त्याआधी आपल्याकडचा माणूस बोटीनं मुंबई गाठायचा. बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची. होडीतून तिच्यापर्यंत जायचं आणि लाटेनं होडी उचलली की शिडी धरायची. ट्रंकेत उकडा तांदूळ, कोकमं, सुके बांगडे. मग भाऊचा धक्का. आम्ही मात्र रात्री कुडाळला कोकणकन्येत बसलो आणि पहाटे ठाण्याला उतरलो. फुफी मुंब्र्याला राहते.

हाजी अलीला जायचं तर भरतीची वेळ बघून जा, असं फुफीनं बजावलं. तिथला रस्ता भरतीत पाण्याखाली जातो. मुलं मोबाईलवर वेळ शोधू लागली, तर अब्बांनी बोटं मोजली. "आज चांदाची सात. पाणी संध्याकाळी सहाच्या सुमारास भरणार, आणि तेही भांगाचं. अकराला निघा, बारापर्यंत ओहोटीच आहे." मालवणपेक्षा मुंबईचं पाणी थोडं उशिरा चढतं, तेही त्यांनी हिशेबात धरलं होतं. मोबाईलनंही जवळपास तेच सांगितलं. दर्ग्याला जावं की न जावं यावर घरोघरी मतं वेगळी असतात, आमच्याही घरात आहेत. पण त्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना खडक उघडे पडलेले असताना चालायला सगळ्यांनाच आवडलं. मधली काही वर्षं बायकांना मजारीपर्यंत जाऊ देत नव्हते. 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला, तेव्हापासून जाता येतं. थोरली आणि तिची अम्मी आत जाऊन आल्या. अब्बा बाहेर समुद्राकडे तोंड करून बसले होते.

दुपारी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या जामा मशिदीत जोहरची नमाज पढलो. ही मशीद 1802 साली पूर्ण झाली. ती जुन्या तलावावर उभी आहे, आणि पाणी अजून आत आहे. दगडी कमानींखाली मासे फिरताना दिसतात. वरचा मजला 1837 मध्ये महंमद अली रोगे या कोकणी व्यापाऱ्यानं बांधून दिला. आपल्या किनाऱ्याच्या माणसांचा या शहरात केवढा हात आहे, हे आमच्या मुलांना पहिल्यांदाच कळलं. शाळेच्या पुस्तकात कुठं असतं ते?

तिथून डोंगरी. अब्बा पुढं, आम्ही मागं. गल्ली त्यांना बरोबर सापडली, पण इमारत नव्हती. पत्र्याचं कुंपण आणि आत खड्डा. अब्बांनी पत्र्याच्या फटीतून बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "तेहतीस माणसं होतो आम्ही एका खोलीत. पाळीपाळीनं झोपायचो." पुढं काही बोलले नाहीत. संध्याकाळी मिनारा मशिदीपाशी मालपुवा आणला, तर अर्धाच खाल्ला.

तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच फर्मान काढलं: "पोर रोज कशी जाईल ते मला बघायचंय. आठची लोकल." आम्ही नको नको म्हणत होतो. मुंब्र्याला ती दोघी बायकांच्या डब्यात चढल्या, आम्ही पुरुषांच्या. कळवा, ठाणे... अब्बा सत्त्याहत्तर वर्षांचे, दोन्ही हातांनी वरचा दांडा धरून उभे. कुर्ल्यात एका पोरानं उठून जागा दिली. भायखळ्याला उतरलो तर त्यांच्या एका पायात चप्पलच नव्हती! थोरली मात्र हसत समोरून आली. डब्यातल्या बायांनी तिला मधे उभं केलं होतं आणि कुठल्या बाजूला उतरायचं ते आधीच सांगितलं होतं. कॉलेज बाहेरूनच बघितलं, सुट्टी होती.

फूटपाथवर नवी चप्पल घेतली आणि सीएसएमटीला गेलो. स्टेशनासमोर अंजुमन-ए-इस्लामची दगडी इमारत आहे. 1874 मध्ये स्थापन झालेली ही संस्था. बद्रुद्दीन तय्यबजी तिच्या संस्थापकांपैकी. साबू सिद्दीक कॉलेजही तिचंच. अब्बा म्हणाले, "या फाटकासमोरून मी कितीदा गेलोय. आत शाळा आहे हे माहीत होतं. चौथीवर शिकलेला माणूस, आत कशाला जाणार?" मग थोरलीला म्हणाले, "तुझ्या कॉलेजचे हेच का लोक?" ती हो म्हणाली.

हो किंवा नाही, असं त्यांनी आजवर स्पष्ट सांगितलेलं नाही. पण निघायच्या दिवशी फुफीच्या हॉलमध्ये खिडकीजवळच्या भिंतीला वितीनं माप घालत होते. "इथं टेबल मावेल ना गं?" फुफी म्हणाली, शिलाई मशीन हलवली तर मावेल.

फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा आहे, मग सीईटी. दुआ करा.